गोरेगावचे रेणू आणि परजीवींची विकरे

२१ मार्च १९६३ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते गोरेगाव पूर्वेकडील आरे रस्त्यावर सिबा या स्विस औषध कंपनीच्या संशोधन केंद्राचे उद्घाटन झाले, तेव्हा गोरेगाव मुंबई महापालिकेच्या हद्दीत येऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती. १९५७ च्या हद्दवाढीने पश्चिम रेल्वेवर दहिसरपर्यंतचा आणि मध्य रेल्वेवर मुलुंडपर्यंतचा साष्टीचा भाग बृहन्मुंबईत आला आणि गिरणगावात जागा न उरल्यामुळे नव्या उद्योगांनी, विशेषतः औषध कारखान्यांनी, या मोकळ्या जमिनींकडे मोर्चा वळवला. त्यांतल्या बहुतेकांचे काम परदेशातून आलेल्या भुकटीच्या गोळ्या पाडण्याचे होते. गोरेगावच्या केंद्राचा हेतू मात्र नवी औषधे मुळापासून शोधण्याचा होता आणि त्याच्या प्रमुखपदी मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राचार्य टी. आर. गोविंदाचारी यांना बोलावण्यात आले होते. वनस्पतींतील अल्कलॉइडे, म्हणजे नत्रयुक्त आणि बहुधा कडू अशी औषधी द्रव्ये, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय होता. पुढील सुमारे पाव शतकात या केंद्राने उष्ण कटिबंधातील परजीवी रोगांवर जे काम केले, त्याची नोंद औषधशास्त्राच्या ग्रंथांत ‘गो’ या दोन अक्षरी खुणेने राहिली आहे, कारण येथे जन्मलेल्या संयुगांच्या क्रमांकाला गोरेगावचे हे आद्याक्षर जोडले जाई.

त्या कामाचे मर्म विकरांशिवाय समजत नाही. विकर, म्हणजेच एन्झाइम, हे सजीवाच्या पेशीत तयार होणारे असे प्रथिन असते, की जे स्वतः खर्ची न पडता एखादी ठरावीक रासायनिक क्रिया कित्येक पटींनी वेगवान करते. अन्नाचे पचन, साखरेपासून ऊर्जा मिळवणे, जनुकांची नक्कल करणे ही सर्व कामे विकरांच्या साखळ्यांनी होतात. परजीवी आणि त्याचा यजमान एकाच देहात, एकाच अन्नावर जगत असले, तरी त्यांच्या विकरांची ठेवण सर्वस्वी सारखी नसते. परजीवी ज्या विकरांनी यजमानाच्या ऊती फोडतो, ती त्याची शस्त्रे असतात. ज्या विकरांवर तो ऊर्जेसाठी विसंबतो आणि जी यजमानात नसतात, ती त्याची उणीव असते. आणि यजमानाच्या स्वतःच्या विकरांतील एखादा जन्मजात दोष कधी परजीवीला, तर कधी औषधाला आड येतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परजीवीशास्त्र या तिन्ही वाटांनी पुढे गेले आणि त्या प्रत्येक वाटेवर मुंबई आणि तिची उपनगरे कोठे ना कोठे भेटतात.

मुंबईच्या दवाखान्यांत या काळी सर्वाधिक आढळणाऱ्या परजीवींपैकी एक म्हणजे आमांशाचा अमीबा. पोटात मुरडा, शौचावाटे आव आणि रक्त, आणि उपचार न झाल्यास यकृतात पू साठून होणारे गळू, असा त्याचा मार्ग असे. या जीवाला रोग्याच्या विष्ठेत प्रथम ओळखले ते सेंट पीटर्सबर्गच्या फ्योदोर ल्योश यांनी १८७५ मध्ये, आणि १९०३ मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ फ्रिट्झ शाउडिन यांनी त्याला ‘हिस्टोलिटिका’, म्हणजे ऊती विरघळवणारा, हे नाव दिले. त्या नावामागचे रसायन कळायला आणखी कित्येक दशके गेली. अमीबा आधी आपल्या पृष्ठभागावरील साखर ओळखणाऱ्या प्रथिनाने मोठ्या आतड्याच्या श्लेष्म्याला आणि पेशींना चिकटतो आणि मग सिस्टीन प्रोटिएझ या गटातील विकरे सोडतो. ही विकरे प्रथिनांचे तुकडे करतात. ती आतड्याच्या श्लेष्म्याची जाळी कुरतडतात, पेशींना बांधून ठेवणारे दुवे तोडतात आणि इतकेच नव्हे, तर यजमानाने परजीवीविरुद्ध सोडलेल्या प्रतिपिंडांचेही तुकडे करतात. मलेरियाच्या परजीवीत आणि अंकुशकृमीतही अशीच प्रथिनभेदक विकरे सापडली असून ती तेथे प्रामुख्याने रक्तातील हिमोग्लोबिन पचवण्याचे काम करतात. कोकणच्या भातखाचरांत अनवाणी राबणाऱ्या माणसाच्या पायातून शिरलेला अंकुशकृमी त्याला वर्षानुवर्षे फिकट आणि थकलेला ठेवतो, त्यामागे कृमीचे रक्तशोषण आणि त्या रक्ताचे असे विकरांनी होणारे पचन आहे.

अमीबाचा संसर्ग पाण्यातून आणि अन्नातून होतो आणि त्याच्या चिवट कोषांना पिण्याच्या पाण्यात टाकल्या जाणाऱ्या नेहमीच्या मात्रेतील क्लोरीनचा फारसा उपद्रव होत नाही. वस्ती वेगाने वाढत असताना गटारे आणि जलवाहिन्या मागे पडलेल्या उपनगरांत हा रोग का ठाण मांडून बसला, हे एवढ्यावरून समजते. त्याच्यावरील जुना उपचार एमेटीनचा होता. १९१२ मध्ये कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी इपेकॅक या वनस्पतीच्या मुळातील या अल्कलॉइडाची इंजेक्शने सुरू केली. ती गुणकारी होती, पण हृदयावर ताण आणणारी असल्यामुळे रोग्याला अंथरुणात पडून राहावे लागे. सुटकेचा मार्ग अनपेक्षित दिशेने आला. १९५३ मध्ये जपानी संशोधकांनी मातीतील एका जिवाणूपासून अझोमायसिन नावाचे प्रतिजैविक वेगळे केले. नायट्रो गट, म्हणजे एक नत्र आणि दोन ऑक्सिजन यांची जोडणी, अंगावर वागवणारे ते एक लहान वलयाकार संयुग होते. फ्रान्सच्या रोन-पूलँक कंपनीने त्याच धर्तीवर मेट्रोनिडाझोल बनवले, १९५९ मध्ये ते ट्रायकोमोनास या जननमार्गातील परजीवीवर प्रभावी असल्याचे जाहीर झाले आणि १९६६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डरबनच्या डॉक्टरांनी ते अमीबाच्या आमांशावर आणि यकृताच्या गळवावरही चालते, हे दाखवून दिले. फ्लॅजिल या नावाने ते मुंबईच्या घरोघरी पोहोचले.

मेट्रोनिडाझोलची खरी करामत त्याच्या नायट्रो गटात असली, तरी तो गट जसाच्या तसा निरुपद्रवी असतो, ही गोष्ट या सगळ्या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहे. माणसाची पेशी साखरेपासून आलेले पायरुव्हेट हे आम्ल मायटोकाँड्रिया या कणिकांमध्ये, पायरुव्हेट डिहायड्रोजिनेझ या विकरसमूहाच्या साहाय्याने फोडते. अमीबा आणि ट्रायकोमोनास हे ऑक्सिजन नसलेल्या जागी राहण्यासाठी घडलेले जीव असून त्यांच्यापाशी ही यंत्रणा नाही. तेच काम ते पायरुव्हेट-फेरेडॉक्सिन ऑक्सिडोरिडक्टेझ या निराळ्या विकराने करतात आणि त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन फेरेडॉक्सिन या लोहयुक्त प्रथिनाच्या स्वाधीन करतात. मेट्रोनिडाझोल पेशीत शिरले, की हे इलेक्ट्रॉन त्याच्या नायट्रो गटावर उडी घेतात, त्याचे एका अस्थिर आणि अतिक्रियाशील रूपात परिवर्तन होते आणि ते रूप परजीवीच्या डीएनएची साखळी तोडते. म्हणजे औषधाला औषधपण येते, ते परजीवीच्या स्वतःच्या विकरांमुळे. माणसाच्या ऊतींत असा एखादा इलेक्ट्रॉन औषधाला मिळालाच, तरी तेथे भरपूर असलेला ऑक्सिजन तो परत काढून घेतो आणि औषध पूर्ववत होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात मिक्लोश म्युलर यांनी डोनाल्ड लिंडमार्क यांच्यासह १९७३ मध्ये ट्रायकोमोनासमधील ज्या कणिकांना हायड्रोजेनोसोम हे नाव दिले, त्या कणिकांतच ही विकरे वास करतात. अमीबाच्या विकरांची मांडणी लुइझियानामध्ये रिचर्ड रीव्ह्ज यांनी केली आणि त्याची साखर फोडण्याची पद्धतही वेगळी असल्याचे १९७४ मध्ये दाखवले, कारण तेथील एक महत्त्वाचे विकर एटीपी या पेशीच्या नेहमीच्या ऊर्जावाहकाऐवजी पायरोफॉस्फेट या साध्या द्रव्यावर चालते.

गोरेगावच्या केंद्रापुढे नायट्रो गटाचा आणखी एक वारसा होता आणि तो थेट बाझेलच्या मुख्यालयातून आलेला होता. सिबाने १९६४ मध्ये निरिडाझोल हे नायट्रो गट असलेले संयुग जाहीर केले. शिस्टोसोमा या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या चपट्या कृमीवर ते तोंडावाटे घेता येणारे औषध होते, अमीबावर चालत होते आणि नारूवरही ते वापरून पाहण्यात आले. शिस्टोसोमाचा संसर्ग हा आफ्रिका आणि पूर्व आशियातील रोग मानला जात असला, तरी महाराष्ट्राला तो अगदीच अपरिचित नव्हता. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणाऱ्या रोग्यांमध्ये शिस्टोसोमाची अंडी दाखवली आणि पुढे त्या परिसरातील एक चिमुकली गोड्या पाण्यातील गोगलगाय, फेरिशिया टेनुइस, ही त्याची मधली यजमान असल्याचे मांडले. भारतात मानवी शिस्टोसोमाचे स्थानिक केंद्र म्हणून गिमवीचे नाव तेव्हापासून जगभरच्या परजीवीशास्त्राच्या पुस्तकांत येते. पुढच्या काळात याच गावातील रक्ताचे नमुने एलायझा या चाचणीने तपासले गेले. या चाचणीत प्रतिपिंडाला एक विकर जोडलेले असते आणि ते विकर रंगहीन द्रव्यातून रंग निर्माण करून संसर्गाचा पुरावा देते, म्हणजे येथे विकर रोगाचे नव्हे, तर निदानाचे साधन झालेले असते. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत भास्कर हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तीरोगाच्या निदानासाठी हीच पद्धत अनेक वर्षे जोपासली आणि तीही महागड्या आयात साहित्यावर न विसंबता. महाराष्ट्रातील परजीवी संशोधनाच्या इतिहासात या कामाला मिळते त्याहून अधिक मोठे स्थान मिळायला हवे.

शिस्टोसोमाच्या विकरांचा सर्वांत कसून अभ्यास केला तो अमेरिकेतील अर्नेस्ट ब्यूडिंग यांनी. रोग्याला नकोसे करून सोडणारी अँटिमनीची जुनी इंजेक्शने कृमीला नेमकी कशाने मारतात, हा प्रश्न त्यांनी घेतला आणि १९५७ मध्ये ताग मन्सूर यांच्यासह असे दाखवले, की साखर फोडण्याच्या मार्गावरील फॉस्फोफ्रुक्टोकायनेझ हे विकर कृमीतही आहे आणि सस्तन प्राण्यांतही आहे, पण कृमीचे विकर अँटिमनीला कितीतरी अधिक हळवे आहे. एकच काम करणारी दोन विकरे घडणीत भिन्न असू शकतात आणि त्या भिन्नतेच्या फटीतून औषध आत शिरू शकते, ही परजीवी रसायनशास्त्रातील पायाभूत कल्पना तेथे प्रयोगाने सिद्ध झाली. निरिडाझोलच्या बाबतीतही ब्यूडिंग यांना असाच धागा सापडला. कृमीने साठवलेले ग्लायकोजेन फोडणाऱ्या फॉस्फोरिलेझ या विकराला वेळच्या वेळी थांबवणारे दुसरे विकर असते आणि निरिडाझोल त्या थांबवणाऱ्यालाच अडवते; मग ग्लायकोजेन फुटतच राहते आणि कृमीचे साठे रिकामे होतात.

या पार्श्वभूमीवर १९७६ मध्ये ‘सी ९३३३-गो’ हे संयुग प्रसिद्ध झाले. पुढे त्याला अमोस्कॅनेट हे नाव मिळाले. त्याच्या एका टोकाला नायट्रो गट आणि दुसऱ्या टोकाला आयसोथायोसायनेट गट होता. हा दुसरा गट मराठी स्वयंपाकघराला चांगलाच ओळखीचा आहे, कारण लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकाला झोंबणारा जो तिखटपणा सुटतो, तो त्याच गटाच्या एका संयुगाचा असतो आणि मोहरीचा दाणा चुरडला जाताच मायरोसिनेझ हे तिच्यातलेच विकर तो निर्माण करते. आयसोथायोसायनेट प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना चिकटते आणि कित्येक विकरांचे काम त्या गटांवरच अवलंबून असते. हेक्स्ट या जर्मन कंपनीचे बिटोस्कॅनेट याच गटाचे होते आणि जोनिट या नावाने भारतात अंकुशकृमीसाठी दिले जात होते. गोरेगावचे संयुग त्याहून व्यापक ठरले. स्विस शास्त्रज्ञ एच. पी. स्ट्रीबेल यांनी त्याचा प्रभाव रक्तातील चपट्या कृमींवर, अंकुशकृमींवर आणि फायलेरियाच्या कृमींवरही असल्याचे मांडले आणि एकाच औषधात इतका विस्तृत पल्ला क्वचितच आढळत असल्यामुळे त्याची गणना मोठ्या आशास्थानांत होऊ लागली. ब्यूडिंग यांनीही त्याच वर्षी त्याचे कृमिनाशक आणि विषारी गुण तपासून प्रसिद्ध केले.

ती आशा फार काळ टिकली नाही. चीनमध्ये हेच संयुग स्वतंत्रपणे बनवून शिस्टोसोमाच्या रोग्यांना मोठ्या प्रमाणात देण्यात आले आणि तेथे यकृताला इजा होऊन कावीळ होण्याचे, तसेच मज्जासंस्थेच्या तक्रारींचे प्रकार नोंदले गेले. जिवाणूंवरील चाचण्यांत त्याच्यापासून शरीरात बनणारी द्रव्ये जनुकांत बदल घडवत असल्याचेही दिसून आले. ज्या नायट्रो गटाचा उपयोग परजीवीच्या विकरांकडून करून घ्यायचा, त्याच गटाला यजमानाच्या आतड्यातील जिवाणूंची विकरेही बदलू शकतात, ही अडचण निरिडाझोललाही भोवली होती. याच सुमारास जर्मनीत बायर आणि ई. मेर्क यांनी प्राझिक्वांटेल हे एका दिवसात उपचार संपवणारे आणि बरेच सुरक्षित औषध पुढे आणले आणि अमोस्कॅनेटची गरजच उरली नाही. तरीही गोरेगावसारख्या उपनगरात घडलेले एक संयुग यांगत्सेच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांच्या औषधोपचारापर्यंत जाऊन पोहोचावे, ही घटना भारतीय औषध संशोधनाच्या इतिहासकारांनी अधिक आस्थेने नोंदवायला हवी होती.

गोरेगावचे दुसरे संयुग अधिक भाग्यवान निघाले. केंद्रातील रसायनशास्त्रज्ञ कुप्पुस्वामी नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेट्रोनिडाझोलच्याच पाच-नायट्रोइमिडाझोल गाभ्यावर निराळी शाखा जोडून ‘गो १०२१३’ तयार केले; त्याचे नाव सॅट्रनिडाझोल. नागराजन यांच्याच हातून नायट्रोक्सॅझेपीन हे खिन्नतेवरील औषधही येथे तयार झाले होते आणि ते सिंटामिल या नावाने भारतात विकले गेले. सॅट्रनिडाझोलमध्ये वलयाच्या दुसऱ्या स्थानावर कार्बनऐवजी थेट नत्राच्या अणूने एक दुसरे वलय जोडलेले असते; या लहानशा बदलामुळे नायट्रो गटाला इलेक्ट्रॉन किती सहजतेने मिळतो, यात फरक पडतो. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात गोरेगावच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हे संयुग प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या यकृतातील अमीबावर आणि ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जिवाणूंवर मेट्रोनिडाझोलच्या तुलनेत सरस ठरल्याचे दिसते. १९८४ मधील एका निबंधात तर मेट्रोनिडाझोलला न जुमानणाऱ्या ट्रायकोमोनासच्या वाणावर त्याचा प्रयोग नोंदलेला आहे. परजीवी औषधाला दाद देत नाही तो अनेकदा याच कारणाने, की त्याने औषधाला जागे करणारी आपलीच विकरे मंदावलेली असतात; त्यामुळे अशा वाणावर दुसरे औषध चालते का, हा प्रश्न वरवर साधा दिसला, तरी मुळात तो विकरांविषयीचाच असतो. मानवी चाचण्या पार पडून हे औषध भारतात बाजारात आले आणि मुंबईच्याच अल्केम कंपनीने ते सॅट्रोजिल या नावाने विकले. भारतात कल्पिलेले, भारतात बनवलेले आणि भारतातील रोग्यांपर्यंत पोहोचलेले परजीवीविरोधी रेणू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि त्यांत याचे स्थान निर्विवाद आहे.

गोरेगावात औषधांची मालिका तयार होत असताना लंडनमध्ये अमीबाच्या विकरांनी एक जुना वाद सोडवला. आमांशाचा अमीबा पोटात असलेले बहुसंख्य लोक कधीच आजारी पडत नाहीत, यावरून फ्रान्सचे एमिल ब्रुम्प्त यांनी १९२५ मध्येच असे सुचवले होते, की सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब दिसणाऱ्या दोन वेगळ्या जाती असाव्यात. पण पुराव्याअभावी त्यांचे कोणी फारसे ऐकले नाही. १९७८ पासून पीटर सार्जंट यांनी निरनिराळ्या देशांतील रोग्यांच्या अमीबातील हेक्सोकायनेझ आणि इतर काही विकरे विद्युतक्षेत्रात स्टार्चच्या थरावरून चालवली. एकच काम करणारी विकरे घडणीतल्या सूक्ष्म फरकामुळे कमी-अधिक अंतर चालतात आणि त्यांच्या पट्ट्यांवरून वाण ओळखता येतो. आजारी माणसांतील अमीबाचे पट्टे वेगळे आणि निरोगी वाहकांतील वेगळे निघाले. १९८४ मध्ये सार्जंट यांनी भारतीय सहकाऱ्यांसह भारतातील रोगकारक वाणांपैकी एकाची, चौदाव्या क्रमांकाच्या वाणाची, नोंद केली आणि १९९३ मध्ये दोन्ही जाती अधिकृतपणे वेगळ्या मानल्या गेल्या. ब्रुम्प्त यांचे म्हणणे खरे ठरायला ६८ वर्षे लागली. सूक्ष्मदर्शकाखाली नुसता कोष दिसला म्हणून औषधे घेतलेल्या किती मुंबईकरांना त्यांची गरज नव्हती, असा प्रश्न या निष्कर्षाने उभा केला.

मध्य रेल्वेच्या बाजूला, मुलुंडच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावर, हेक्स्ट कंपनीचे संशोधन केंद्र १९७० च्या दशकात भारतीय वनस्पतींची पद्धतशीर चाचणी करत होते. सुजाता भट, नोएल डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये कोलियस फॉर्स्कोली या वनस्पतीच्या मुळांतील एका द्रव्याची रचना प्रसिद्ध केली. ही तीच वनस्पती, जिच्या मुळांचे गुजराती घरांत, आणि म्हणून घाटकोपर-मुलुंडच्या कित्येक घरांतही, गरमर म्हणून लोणचे घातले जाते. मुलुंडच्या शास्त्रज्ञांना त्यात रक्तदाब उतरवणारा गुण दिसला होता. १९८१ मध्ये अमेरिकेत केनेथ सीमन आणि जॉन डॅली यांनी, आणि जर्मनीत हेक्स्टच्याच शास्त्रज्ञांनी, त्याचे खरे रहस्य उलगडले: फॉर्स्कोलिन हे ॲडेनिलेट सायक्लेझ या विकराला थेट चेतवते, म्हणजे पेशीला बाहेरून मिळालेला संदेश आत पोहोचवणारे सायक्लिक एएमपी हे द्रव्य बनवणाऱ्या विकरालाच हात घालते. जगभरच्या प्रयोगशाळांत ते एक अनिवार्य हत्यार झाले आणि परजीवीशास्त्रानेही ते उचलले. १९९१ मध्ये लॉरी रीड आणि रॉस मिकेलसन यांनी मलेरियाने ग्रासलेल्या तांबड्या पेशींतील ॲडेनिलेट सायक्लेझ तपासले, तेव्हा परजीवीचे विकर फॉर्स्कोलिनला प्रतिसाद देत नसल्याचे आढळले. माणसाचे विकर आणि परजीवीचे विकर वेगळे आहेत, याचा दाखला मुलुंडच्या रेणूने दिला.

यजमानाच्या विकरांचा धागा मुंबईत त्याच १९६३ या वर्षी पुढे आला, ज्या वर्षी गोरेगावचे केंद्र उघडले. बक्षी, बालकृष्णन, उंदेविया आणि सांघवी या संशोधकांनी मुंबईच्या पारशी समाजात ग्लुकोज-सहा-फॉस्फेट डिहायड्रोजिनेझ या विकराची उणीव असल्याचे दाखवून दिले. तांबड्या रक्तपेशीला ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचवणारे हे विकर ज्यांच्यात कमी असते, त्यांना गंभीर मलेरियापासून काही अंशी संरक्षण मिळते, असे मानले जाते; पण त्याच माणसांना मलेरियाचा यकृतात दडून बसलेला अंश काढण्यासाठी प्रायमाक्विन दिले, तर त्यांच्या रक्तपेशी फुटू शकतात. निरिडाझोलबाबतही हाच धोका होता. १९८४ मध्ये सी. एस. ईश्वाद आणि एस. एन. नाईक यांनी एका कोळी कुटुंबात या विकराचा आढळलेला नवा प्रकार ‘कल्याण’ या नावाने जाहीर केला. या नामकरणामुळे मुंबईच्या किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांच्या रक्ताचा वारसा वैद्यकाच्या जागतिक सूचीत कायमचा नोंदला गेला. उपनगरांतील विहिरी, गच्चीवरच्या टाक्या आणि बांधकामाच्या जागी साचलेले पाणी यांत ॲनोफेलीस स्टीफेन्सी हा शहरी मलेरियाचा डास वाढतो आणि जेथे प्रायमाक्विन नित्य द्यावे लागते, तेथे ही उणीव ओळखणे हा सुरक्षित उपचाराचा भाग ठरतो.

गोरेगाव आणि मुलुंड या दोन्ही केंद्रांच्या कामात एक सारखेपणा दिसतो आणि तो दुखरा आहे. रेणू येथे घडले. त्यांची विकरांशी असलेली गाठ मात्र बाल्टिमोर, न्यूयॉर्क, बेथेस्डा किंवा फ्रँकफुर्ट येथे उकलली गेली. गोरेगावच्या रसायनशास्त्रज्ञांची प्रतिभा यत्किंचितही कमी नव्हती. स्वतः गोविंदाचारी यांनी पश्चिम घाटातील ॲन्सिस्ट्रोक्लॅडस हेनिॲनस या वेलीतून ॲन्सिस्ट्रोक्लॅडीन वेगळे केले आणि त्याच घराण्यातील अल्कलॉइडे मलेरियाच्या परजीवीला मारतात, हे पुढे जर्मनीत गेऱ्हार्ड ब्रिंगमान यांच्या कामातून स्पष्ट झाले. उणीव होती ती रसायनशाळेच्या शेजारी विकरांचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या जीवरसायनशास्त्राची, आणि औषध कंपनीच्या हिशेबात अशा अभ्यासाला फारसे स्थान नसते. विद्यापीठांनी आणि सरकारी संस्थांनी ही जागा भरून काढायला हवी होती. मुंबईत त्यासाठी लागणारी माणसेही होती, पण आरे रस्त्यावरील रेणू आणि परळच्या रुग्णालयांतील परजीवी यांची भेट तुरळकच झाली.

त्यातच धोरणे बदलली. १९७२ पासून अमलात आलेल्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूऐवजी केवळ ते बनवण्याच्या पद्धतीला संरक्षण दिले, त्यामुळे भारतीय कारखान्यांना स्वस्त औषधे बनवणे शक्य झाले आणि हा लाभ फार मोठा होता. परदेशी कंपन्यांना मात्र येथे नवा रेणू शोधण्याचे आकर्षण उरले नाही. परकीय चलन नियमन कायदा आणि औषधांच्या किमतींवरील नियंत्रण यांनी तो कल आणखी पक्का केला. गरीब देशांच्या रोगांवरील औषधांतून नफा होत नाही, हे कारण तर त्याआधीपासून होतेच. सिबाचे १९७० मध्ये गायगी कंपनीशी झालेले विलीनीकरण आणि १९९६ मध्ये सँडोझशी एकत्र येऊन नोव्हार्टिसचा झालेला जन्म, या घडामोडींच्या दरम्यान गोरेगावचे केंद्र मिटले आणि तेथील शास्त्रज्ञ देशातील इतर कंपन्यांत विखुरले गेले.

सॅट्रनिडाझोल ज्या औषधगटातले, त्या गटाच्या कार्यपद्धतीविषयीची चर्चा मात्र पुन्हा उघडली. २००७ मध्ये व्हिएन्नाच्या डाव्हिड लाइच आणि सहकाऱ्यांनी असे दाखवले, की अमीबात नायट्रोइमिडाझोल औषधांना जागे करण्याचे काम थायोरेडॉक्सिन रिडक्टेझ हे दुसरे एक विकरही करते, आणि जागी झालेली औषधे डीएनएबरोबरच याच विकराला आणि त्याच्या सोबतच्या प्रथिनांना जखडून टाकतात. त्यानंतर पाच वर्षांनी कॅलिफोर्नियात अंजन देबनाथ, जेम्स मॅकेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ऑरॅनोफिन हे संधिवातावरील सोन्याचे जुने औषध अमीबाच्या याच विकराला रोखून त्याला मारत असल्याचे आढळले, आणि अमीबाच्या विकरांवर नेम धरून औषध शोधण्याचे जे काम आरे रस्त्यावर होऊ शकले नव्हते, ते तेथे सुरू झाले.